मामांचं तोडलं-जोडलं

चालू असलेली वस्तू चालू राहू द्यायची, ही साधी गोष्ट माझ्या बायकोच्या मामांना उभ्या आयुष्यात जमलेली नाही. बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. मामांचा डोळा चालणाऱ्या वस्तूंवर असतो. पंखा बिनआवाजाचा फिरत असला की त्यांना चैन पडत नाही, याच्या मनात नक्की काही तरी आहे असं त्यांना वाटतं. आशागडला त्यांच्या घरी मुक्कामाला असताना मी एकदा सहज बोलून गेलो, "मामा, तुमच्या न्हाणीघरातल्या नळाला धार मस्त आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांनी विहिरीवर आंघोळी केल्या आणि मामा पान्हा हातात घेऊन मला सांगत होते, "जावईबापू, धार अजून वाढू शकते, फक्त जरा वेळ द्या." तो नळ पुढे बदलावा लागला. तेव्हापासून त्या घरात मी कशाचंही कौतुक करत नाही, जेवणाचंसुद्धा मामींच्या कानाशी जाऊन करतो.

मामांनी सारा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढला आणि डहाणू रोडला असतानाच ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आमच्या भागात कुणी देवळाच्या कमिटीवर जातो, कुणी चिकूची कलमं लावतो. मामा कॉम्प्युटरला लागले. त्यातही साधा, दुकानातून आणला तसा कॉम्प्युटर त्यांना चालत नाही. लिनक्स नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, ती त्यांनी नात्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये कुणी न बोलावता जाऊन घातली. ती घातली की तिची वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते, आणि नवी आवृत्ती आली की मामांना ती दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी वाटते, आत घेतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. आशागडच्या नाक्यावरच्या फरसाणवाल्याच्या कॉम्प्युटरवर त्यांनी असाच एक पाहुणा घेतला. त्यानंतर त्या बिचाऱ्याचा पडदा आडवा झाला आणि तो कित्येक दिवस मान खांद्यावर टाकून बिलं करत बसला. मामांना त्यात काही वावगं दिसेना. "मानेला व्यायाम होतो," म्हणाले. आता माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका, म्हणून फरसाणवाल्याने शेवटी गुजरातीत हात जोडले, "मामा, हवे मारा कॉम्प्युटरने हाथ नहीं लगाडता, हं!" मामांनी जाताना पापडीचा पुडा घेतला आणि घरी येऊन म्हणाले, माणूस चांगला आहे, पण प्रगतीला घाबरतो.

मामांचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र मी आजवर चालू स्थितीत पाहिलेला नाही. त्याच्या पोटातलं सगळं सामान कायम वर्तमानपत्रावर मांडलेलं असतं. घरात वायफाय आलं त्या दिवशी तर त्यांनी वायर या वस्तूवर बहिष्कार टाकला. "आता तारांचं राज्य संपलं," असं म्हणून घरातल्या नेटच्या सगळ्या केबली त्यांनी गोळा केल्या आणि परसात तोंडलीच्या वेलाला मांडव बांधला. मांडव उत्तम झाला होता, हे मला मान्य केलं पाहिजे. तोंडली अजून त्याच निळ्या केबलींवर लोंबतात.

या सगळ्या उद्योगांत मामांची चूक म्हणून कधी होत नसे. सिग्नल खात्याचा माणूस, त्याच्या मते सिग्नल चुकत नाही, चुकतो तो ड्रायव्हर. हा नियम त्यांनी घरीही लागू केला होता. दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि दूध उतू गेलं, तर गॅसने वेळेत कळवलं नाही. शिडीवरून घसरले तेव्हा पायाला प्लास्टर घालून घेता घेता डॉक्टरांना शिडीचे दोष समजावून सांगत होते. मामी म्हणत, "अख्ख्या संसारात ह्या माणसाने एकदा 'माझं चुकलं' म्हटलेलं मी ऐकलं नाही." मामा त्यावर शांतपणे विचारत, "झालेलंच नाही, तर म्हणू कसं?"

आणि त्यांची ती तोडलं-जोडलंची रीत. सिग्नलच्या यंत्राला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरला कळवायचं की मी आता हे तोडतोय, मास्तरने ते मान्य करायचं, मग हात लावायचा. काम झालं की तपासून पुन्हा कळवायचं की जोडलं, मास्तरने 'जोडलं' म्हटलं की मगच गाडी सोडायची. चालू लाईनवर काम करणारा माणूस स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो, हे मामांनी हाडीमाशी भिनवून घेतलं होतं. घरातला साधा बल्ब बदलायचा तरी ते मेन स्विच पाडून मोठ्यांदा ओरडत, "तोडलं!" स्वयंपाकघरातून मामींनी उत्तर द्यायचं, "तोडलं!" उत्तर आल्याशिवाय मामा स्टुलावर चढत नसत. आणि जरा वेळ गेला, की पोळ्या लाटता लाटता मामीच विचारत, "अहो, जोडलं का?" मग मामांना आठवे, स्विच वर होई, "जोडलं!" "जोडलं!" असा सवालजवाब होई आणि घरात उजेड पडे. आम्ही पोरंसोरं, जावई वगैरे या प्रकाराला मनसोक्त हसत असू. मामींच्या त्या प्रश्नावर घर चालतंय हे मात्र आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मामांच्या तर नाहीच.

अलीकडे मामींना ऐकू कमी येऊ लागलं होतं. हाक मारली तर त्या वळत नसत, समोर जाऊन बोललं की हसून उत्तर देत. मी एकदा मामांना म्हटलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवू या. मामा एकदम उसळले. "काही झालेलं नाही तिला. ऐकू सगळं येतं. लक्ष नसतं, एवढंच." असं म्हणून ते रेडिओ उघडायला बसले, जो चांगला वाजत होता.

आता त्या सकाळचं सांगतो. माझी मुलगी ऋतुजा प्राणिशास्त्र शिकली आणि चिकूच्या वाड्यांमधल्या वटवाघळांच्या मागे लागली. फळं वाचवायला झाडांवर जाळी टाकतात, त्यात ही वटवाघळं अडकून मरतात. ती न मरता चिकू कसा वाचवायचा, यावर तिने दोन हंगाम कोसबाडपर्यंतच्या वाड्या पालथ्या घातल्या होत्या. बंगळुरूच्या एका संस्थेत या कामासाठी एकच जागा होती. गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीमुळे यंदाची मुलाखत ही शेवटची. मुलाखत कॉम्प्युटरवरून, सकाळी अकराला. मोबाईलवरून चालणार नाही, केलेलं काम पडद्यावर दाखवावं लागेल, आणि वेळेवर हजर नसलेल्या उमेदवाराला पुन्हा वेळ मिळणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. नेमकी आमच्या तलासरीच्या घराची नेटची केबल हायवेच्या खोदकामात तुटली होती. म्हणून मी रजा टाकली आणि आदल्या संध्याकाळी आम्ही बापलेक मामांकडे येऊन राहिलो. बायकोची शाळा होती, ती तलासरीलाच थांबली. निघताना तिने मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली, "मामाला लॅपटॉपला हात लावू देऊ नका." मी मान डोलावली. मी सरकारी कारकून, मान डोलावणं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे.

सकाळी मी परसात दात घासत होतो तेव्हा आतून मामांचा आवाज आला, "तोडलं!" मला वाटलं, बल्ब गेला असेल. उत्तर आलं नाही. मामी ओसरीवर बसून सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होत्या. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, या वेळी जरा हळू, "तोडलं." मग काहीच नाही. मी चूळ भरली आणि आत गेलो, तर टेबलावर ऋतूचा लॅपटॉप उघडा होता, त्यावर एक पट्टी सरकत पुढे चालली होती, आणि मामा समोर हाताची घडी घालून बसले होते.

"मामा! हे काय केलंत?"

"अपग्रेड," मामा प्रेमाने म्हणाले. "मुलाखतीला जाताना आपण बरे कपडे घालतो ना? मग ह्याने काय पाप केलंय? टेन्शन घेऊ नका. सामान सगळं आधी नेटवरून उतरवून घेतलंय, आता नुसतं बसवायचं. डेस्कटॉप एकदम नवा दिसेल."

नवा दिसला, यात वाद नाही. ऋतू केस विंचरून आली तेव्हा पडद्यावर निळं तळं आलं होतं, खालची पट्टी वर गेली होती, आणि जिथे वायफायच्या खुणेचा पंखा दिसायचा तो कोपरा स्वच्छ पुसलेला होता. तिने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. "आजोबा, वायफाय कुठाय?"

"असेल की. नवीन जागी ठेवलं असेल."

ते नवीन जागी नव्हतं. जुन्या जागीही नव्हतं. माझा मोबाईल त्याच वायफायवर सुखाने चालत होता, म्हणजे घरातलं नेट ठणठणीत, फक्त लॅपटॉपला त्याचा पत्ता नव्हता. ऋतूचा चेहरा मला बघवेना. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मामांनी चष्मा चढवला आणि एक काळी खिडकी उघडली. त्यात पांढरी अक्षरं भराभर धावू लागली. "सापडला," मामा म्हणाले. "ड्रायव्हर! वायरलेस चालवणारा ड्रायव्हर बसलाच नाही. तरी मला वाटलंच. दहा मिनिटं द्या."

ड्रायव्हर हा शब्द सापडल्यावर मामा दुसरीकडे कशाला बघतील? अख्ख्या नोकरीचं वैर त्यांच्या बोटांत उतरलं. तो ड्रायव्हर त्यांनी काढला, पुन्हा घातला, मोबाईलवर इंग्रजीत वाचून काढला आणि परत काढला. प्रत्येक वेळी लॅपटॉप बंद करून चालू करायचा, प्रत्येक वेळी ते निळं तळं, आणि कोपरा तसाच रिकामा. मी म्हटलं, नेटची वायर लावू. वायर तोंडलीला होती. मी परसात धावलो, मांडवातून एक तुकडा ओढला, तर उन्हाने त्याचं निळं कवच पापडासारखं फुटलं आणि टोकाला खटका लागायचा तो भाग मामांनी गाठ नीट बसावी म्हणून केव्हाच कापून टाकला होता. मग मोबाईल तारेने लॅपटॉपला जोडून बघितला. ती तार नाक्यावरून घेतलेली, तिच्यातून नुसती वीज जायची, नेट जात नव्हतं. वीज भरपूर गेली. माझा मोबाईल चार्ज झाला.

तेवढ्यात त्याच मोबाईलवर बायकोचा फोन आला. "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो, हो, अगदी." "मामा कुठेत?" मी म्हटलं, "आहेत इथेच." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला आवाजावरून कळतं. "लॅपटॉपला हात लावला ना त्याने?" म्हणाली, आणि मी रेंज गेल्याचं सोंग करून फोन ठेवला.

ऋतूने तोपर्यंत पेन ड्राइव्ह काढून त्यावर वटवाघळं भरून घेतली होती. "बाबा, डहाणूला मैत्रिणीकडे जाऊ या. तिचा कॉम्प्युटर आहे. आत्ता निघालो तर पोचू."

"दहा मिनिटं दे, पोरी," मामा मान वर न करता म्हणाले. "फक्त दहा मिनिटं. आता शंभर टक्के."

इथे मी उठायला हवं होतं, स्कूटरची किल्ली घ्यायला हवी होती. पण मामांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ चष्म्याच्या काडीवर आला होता आणि त्यांना तो पुसायचंही भान नव्हतं. त्यांना तसं टाकून उठणं माझ्याने झालं नाही. ती दहा मिनिटं झाली, मग आणखी दहा झाली, आणि ऋतूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. आता निघून पोचणं शक्य नव्हतं.

"एकच उपाय आहे," मामांचा आवाज बसला होता. "सगळं पुसून मुळापासून परत बसवू या."

"आजोबा, नको," ऋतू म्हणाली. इतकंच, पण तिचा आवाज फुटला. "ते व्हायलाच तासभर लागेल. राहू दे आता. राहू दे."

मामांनी की-बोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. तो माणूस मी पडलेला पाहिला होता, शॉक बसलेला पाहिला होता, फरसाणवाल्याकडून हाकललेला पाहिला होता, पण हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला कधीच पाहिला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी कुणी त्यांना काही बोलू नये असंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकदम वाटू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा मामी आत आल्या. निवडलेल्या सोड्यांची परात कमरेवर होती. ऋतूचे डोळे भरलेले बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या. "काय झालं?" मग त्यांनी टेबलाकडे बघितलं. उघडा लॅपटॉप, मामांचा चष्मा कपाळावर, बाजूला काढून ठेवलेला स्क्रूड्रायव्हर. हे दृश्य त्यांनी जन्मभर बघितलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या तोंडून सवयीने जे यायचं तेच आलं.

"अहो, जोडलं का?"

मामांनी वळून बघितलं. आधी मामींकडे आणि मग लॅपटॉपकडे. मग त्यांचा उजवा हात सावकाश लॅपटॉपच्या पुढच्या कडेखाली गेला. त्या जुन्या बनावटीत तिथे नखाएवढं एक सरकतं बटण असतं, वायरलेस बंद आणि चालू करण्याचं. सकाळी सामान उतरवून झाल्यावर, काम सुरू करण्याआधी, सिग्नल खात्याच्या शिस्तीने मामांनी स्वतःच्या हाताने ते बंद केलं होतं. जुना डेस्कटॉप असता तर बटण बंद असल्याची लाल फुली कोपऱ्यात दिसली असती. नव्याला फुली दाखवणं शोभेना, त्याने पंखाच लपवला होता. बारीक खट्ट आवाज झाला. कडेला एक निळा दिवा लागला, आणि कोपऱ्यात वायफायचा पंखा असा उगवला, जसा काही इतका वेळ तिथेच होता.

पुढची मिनिटं नुसती धांदल. ऋतूने ओढणीने डोळे पुसले, पासवर्ड दोनदा चुकवला, मी खिडकी लावली, पुन्हा उघडली, कोंबडं हाकललं, आणि पडद्यावर तीन अनोळखी चेहरे उमटले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजायच्या बेतात होतं. "गुड मॉर्निंग," ऋतू म्हणाली, आणि तो आवाज सकाळपासून रडवेली झालेल्या मुलीचा आहे असं कुणाला वाटलं नसतं. मी दार अलगद ओढून घेतलं.

मामा माझ्या आधीच बाहेर आले होते आणि ओसरीच्या चौकटीत उभे होते. मामी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. मामांनी चौकटीतूनच, नेहमीच्या सुरात, पण आत मुलाखत चालू म्हणून जरा दबक्या आवाजात म्हटलं, "जोडलं." मामींचे हात सोड्यांत फिरत राहिले. मामांच्या तोंडावर काय होतं ते मला बाजूने नीट दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

मग ते ओसरीवर उतरले, वळसा घालून मामींच्या समोर गेले आणि पूर्वी प्लास्टरमध्ये असलेला तो पाय सांभाळत त्यांच्यापुढे उकिडवे बसले. मामींनी मान वर केली. मामांनी त्यांच्या तोंडाकडे बघून एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "जोडलं."

"जोडलं," मामी हसल्या. मग म्हणाल्या, "पण तोडलं कधी होतंत? मला सांगितलं नाहीत ते. सांगितलं असतंत तर मी विचारलं नसतं का वेळेवर? उगाच पोरीला रडवलंत."

सकाळची ती दोन 'तोडलं' मी ऐकली होती. मी तोंड उघडणार होतो. मामांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"नाही सांगितलं," ते मामींना म्हणाले. "राहिलं. चूक माझी."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटून मामांनी ते पुन्हा, जरा मोठ्यांदा सांगितलं.

ऋतूला ती जागा मिळाली. आता ती बंगळुरूला असते आणि तिचा लॅपटॉप मामांच्या हातापासून सुरक्षित अंतरावर आहे. मामींना मामांनी स्वतः कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, यंत्र आणलं, आणि त्याचीही नवी आवृत्ती येते हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. मामींनी ते यंत्र डबीत घालून डबी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. "माझ्या कानात तुमचं अपग्रेड नको," म्हणाल्या. मामांनीही फारसा आग्रह धरला नाही. बाकी त्या घरात सगळं पूर्वीसारखं आहे, चालणाऱ्या वस्तू अजून उघडल्या जातात. परवा गेलो तेव्हा मिक्सरची पाळी होती. मामांनी प्लग काढला, पण ओरडले नाहीत. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि मामी परसात तोंडली काढत होत्या तिथपर्यंत, तेवढं एक सांगायला, चालत गेले.